कर्नलची काडी

चुपारोसाइतका भांडखोर प्राणी देवाने दुसरा घडवला नाही, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने देल्फिनाबाईच्या परसात एक सकाळ उभं राहून दाखवावं. पुस्तकांत त्याला हमिंगबर्ड म्हणतात. भेटकार्डांवर त्याचं चित्र असतं, फुलापाशी, अगदी सोज्वळ. ती चित्रं काढणाऱ्यांनी त्याला साखरपाण्याच्या बाटलीपाशी कधी पाहिलेलं नसतं. अंगठ्याएवढा जीव, पण दुसरा नर जवळ आला की चोच सरळ त्याच्या डोळ्यावर धरतो. खाली पडलेल्यालाही सोडत नाही. छातीवर बसून टोचतो, आणि मग वर जाऊन पंख साफ करत बसतो, जणू आपण त्या गावचेच नाही.

देल्फिनाच्या परसात या गुंडांचा एक सरदार होता. जांभळ्या गळ्याचा, इतरांपेक्षा बोटभर मोठा. शेपटीतलं मधलं एक पीस कुठल्याशा मारामारीत गेलेलं, त्यामुळे शेपूट पसरली की मधोमध फट दिसायची. तिने त्याचं नाव कर्नल ठेवलं होतं.

तिचं घर कोआतेपेक गावाच्या वरच्या अंगाला, कॉफीचे मळे संपून रान सुरू होतं तिथे. तीस वर्षं तिने गावातल्या स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढले. नवरीच्या हनुवटीवरची मस पुसायची नाही आणि नवऱ्याच्या टकलावर केस काढायचे नाहीत, हा तिचा खाक्या. गिऱ्हाईक चिडलं की म्हणायची, "जसा आहेस तसा दिसलास. माझ्यावर कशाला डाफरतोस, आईवर डाफर." मालक कपाळाला हात लावायचा. पण गावात एखाद्या गोष्टीवरून वाद झाला तर लोक देल्फिनाला विचारायला यायचे, कारण ही बाई खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता निवृत्त झाल्यावर परसातही तेच. पिंजऱ्यातला पक्षी सोडून फोटो काढणारे, मागे रंगीत पुठ्ठा धरणारे, या लोकांचं नाव काढलं तरी ती थुंकायची.

चुपारोसाचा फोटो काढायचा तर त्याच्यामागे धावून उपयोग नसतो. दोन भांडणांच्या मध्ये नर दम खायला बसतो, आणि बसतो तो रोज एकाच जागी, जिथून सगळं राज्य दिसेल. ती जागा आपणच करून द्यायची. देल्फिनाने बाटलीपासून दोन हातांवर पेरूची एक वाळकी काडी बांबूला तारेने बांधली होती. कर्नलने ती पहिल्याच दिवशी आपली म्हणून टाकली. मग काय, कॅमेरा तिकाठीवर चढवून काडीवर नेमून ठेवायचा, कळीची वायर हातात घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर कॉफी पीत बसायचं.

त्या काडीवरच तिला तिचा सगळ्यात चांगला फोटो मिळाला. कर्नलने दुसऱ्या एका नराच्या गळ्यात चोच पार आत घातली आहे, आणि मरणाऱ्याचे पंख अजून उघडे आहेत. फार्मसीवाल्याने तो मोठा करून दुकानात लावला. खाली देल्फिनाने स्वतःच्या हाताने लिहिलं: "कर्नल. माझ्या दारात, रोज सकाळी सहाला, याच काडीवर." खरं होतं, म्हणून लिहिलं. पुढे या एका ओळीबद्दल तिने स्वतःला किती शिव्या घातल्या त्याला गणती नाही.

तिची मुलगी नोएलिया चाळीस दिवसांपूर्वी परत आली होती. पायात एकच चप्पल, समोरचे दोन दात नाहीत, डाव्या कानातून रक्त. नवरा रुतिलिओ कॉफी वाळवण्याच्या खळ्यावर मुकादम होता. देखणा माणूस, गातो छान, आख्ख्या गावाचा लाडका. दारू पिऊन मारत असता तर लोकांनी दारूला बोल लावला असता. हा शुद्धीत मारायचा, मारून झालं की हात धुवायचा आणि जेवायला बसायचा. नोएलिया तेव्हापासून घराबाहेर पडली नव्हती. परसातसुद्धा नाही, कोणी चेहरा पाहील म्हणून.

रुतिलिओ तीनदा आला. पहिल्यांदा रडला, दुसऱ्यांदा फाटकाला लाथा मारल्या. तिसऱ्यांदा, एका शनिवारी, टोपी हातात घेऊन कुंपणापाशी शांत उभा राहिला.

"सासूबाई, मी भांडायला आलो नाही. तुमच्या पोरीला मी हातसुद्धा लावणार नाही. ती आपल्या पायांनी येईल."

"पाय मोडायचे तेवढे राहिलेत, म्हणून ना?" देल्फिना म्हणाली. "चालता हो."

तो हसला. बाटलीकडे पाहून म्हणाला, "हाच का तो कर्नल? फार्मसीत पाहिला मी. काय फोटो आहे! नेहमी याच काडीवर बसतो?"

इथे देल्फिना चुकली. तिच्या फोटोची कोणी तारीफ केली की ती विरघळायची, मग समोर सैतान का असेना. "याच," ती म्हणाली. "सहाला ये म्हटलं तर सहाला येतो. तुझ्यापेक्षा शब्दाचा पक्का आहे."

"खरंय," रुतिलिओ म्हणाला आणि टोपी घालून गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. देल्फिना सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली, नोएलिया आत झोपलेली. परत येऊन पाहते तर काडीवर कसलातरी चीक. रानउंबराचा असावा, बोटाला लागला तर सुटता सुटेना. त्यात दोन जांभळी पिसं आणि नखाएवढं रक्त. शिकारी अशीच काडी चिकानं माखतात, पक्षी बसला की फडफडून आणखी चिकटतो, मग सावकाश जाऊन मुठीत धरायचा आणि छाती दाबायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजारात लाल दोऱ्यात गुंडाळलेले वाळके चुपारोसा विकणाऱ्या बायका असतात, कोणाला कोणाचं मन बांधायचं असेल त्यासाठी. त्यांच्यापैकीच कोणाचं तरी काम, असं तिला वाटलं. नोएलियाला काही सांगितलं नाही. पोरगी आधीच सावलीला दचकत होती.

काडी तिने तेल लावून घासली. संध्याकाळपर्यंत दुसरा एक नर येऊन तिथे बसलाही होता, जांभळाच, थोडा लहान. त्याला कर्नलचं काही दुःख झालेलं दिसत नव्हतं.

आठवडा गेला. पुढच्या रविवारी दुपारी चाबेला मक्याच्या पानातले तमाले घेऊन आली. चाबेला शेजारीण, नोएलियाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरणारी, म्हणून नोएलियाची माद्रिना आणि देल्फिनाची कोमाद्रे. अंगाने अशी भक्कम की तिच्या टाचेखाली उंबऱ्याची फरशी डुगडुगली.

"कोमाद्रे, ही फरशी कधीपासून हलते?"

"कुठे हलते? मीच बसवलीय ती."

"मग माझं वजन वाढलं म्हण," असं म्हणत चाबेला खाली वाकली, फरशीच्या कडेला बोट घातलं, आणि किंचाळली. "आई गं! हात लावू नकोस! कोणी हात लावू नका!"

खाली लाल कापडाची छोटी पिशवी होती. देल्फिनाने काही न ऐकता ती उचलली आणि उघडली. मधाने चिकट झालेला लाल रेशमी दोऱ्याचा गुंडाळा, त्यातून फक्त काळी चोच बाहेर आलेली. दोऱ्यात काळे लांब केस गुंफलेले. आणि नोएलियाचा ओळखपत्राचा फोटो, देल्फिनानेच काढलेला.

नोएलिया दारात येऊन उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. हलकेच म्हणाली, "म्हणूनच."

"काय म्हणूनच?"

"आठ दिवस मला झोप नाही आई. त्याच्या शर्टाचा वास येतो. पाय आपोआप फाटकाकडे वळतात. मला वाटलं मीच निर्लज्ज. म्हणून होतं तर."

"नऊ दिवसांत बाई स्वतःच्या पायांनी जाते," चाबेला छातीवर क्रूस काढत म्हणाली. "उद्या नववा. माझ्या मावसबहिणीला असंच—"

"चाबेला, तोंड बंद कर."

"मी काय वाईट बोलले? खरं ते बोलले!"

नोएलिया आत गेली. देल्फिना मागे गेली तर ती खाटेवर कपडे घडी करत होती. दोन झगे, एक शाल, कंगवा. घड्या अगदी नीट घालत होती. ज्या घरात तिचे दात पडले त्या घरी जायला. देल्फिनाला काय झालं कळलं नाही, तिने पोरीचा दंड धरून फिरवलं आणि फाडकन मुस्काटात मारली.

"मूर्ख! मेलेल्या पाखराला भितेस? पुढच्या खेपेला तो तुला खड्ड्यात घालेल, आणि तू आपल्या पायांनी जाऊन झोपशील त्यात?"

नोएलियाने डावा कान हाताने झाकला होता आणि हनुवटी छातीत घातली होती. इतक्या सफाईने, इतक्या सवयीने. पुढच्या फटक्याची ती वाट पाहत होती. देल्फिनाला आपला हात तोडून टाकावासा वाटला. ती खाली बसली आणि पोरीच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून म्हणाली, "चुकलं माझं. पुन्हा नाही. मेले तरी नाही."

मग नोएलियाने विचारलं, "माद्रिना, तो पक्षी कुठलाही चालतो का?"

"छे!" चाबेला दारातून म्हणाली. "जिला बांधायची तिच्या दारी प्यायलेलाच हवा. बाजारातला असेल तर नुसता दोरा, त्यात काही नाही."

"मग आई, तू बघ. तू ओळखशील. तो कर्नल आहे का तेवढं सांग. तो असेल तर मला थांबवू नकोस, थांबवून उपयोग नाही, मी खिडकीतून जाईन. तो नसेल तर मी राहते. तू सांगशील ते मी मानेन. तू खोटं बोलत नाहीस."

देल्फिना पिशवी घेऊन मागे कपडे धुवायच्या दगडाशी गेली. कात्रीने दोरा कापला. मध, मीठ, आत चेंगरलेलं अंग. पायाची बोटं चिकाने एकमेकांना चिकटलेली, एक पंख उपटल्यासारखा लोंबत होता. त्याने झटापट केली होती. मरताना तरी कर्नलसारखा मेला होता. तिने दोन बोटांनी शेपूट पसरली. मधोमध फट.

ती तिथे उभी राहिली. त्या पक्ष्यासाठी तिला रडू आलं, हे खरं. पण त्याहून जास्त भीती वाटली. तोडग्यावर तिचा विश्वास नव्हता. निदान कालपर्यंत नव्हता. पण पोरीचा होता, आणि पोर जाणार होती. फार्मसीतली ती ओळ तिने स्वतः लिहिली होती. काडी तिने स्वतः बांधली होती. विचारल्यावर सहा वाजता येतो म्हणून तिनेच सांगितलं होतं. खुन्याच्या हातात सगळं तिनेच नेऊन दिलं, खरं बोलून बोलून.

कर्नलला तिने दगडामागे मातीत पुरलं. मग तिकाठीपाशी गेली. नवा नर काडीवर बसला होता. तिने कळ दाबली, कॅमेरा काढून आत नेला आणि नोएलियासमोर धरला. पडद्यावर तारीख आजची, वेळ चार वाजून दहा मिनिटं.

"हा बघ तुझा कर्नल," ती म्हणाली. "आत्ता काढला. काडीवर बसून शिव्या देतोय जगाला. पिशवीतला बाजारातला आहे. कोणीतरी तुझ्या नवऱ्याला गंडवलं."

कॅमेरा तिच्या हातात हलत होता, म्हणून तिने तो मांडीवर टेकवला. नोएलियाने पडद्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग आईच्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"बरं," ती म्हणाली, आणि उठून झगे परत कपाटात ठेवले.

"देवा तुझे उपकार," चाबेला म्हणाली. "मग तमाले खा की कोणीतरी, गार होतायत."

सोमवारी सकाळी सातला रुतिलिओ आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, दाढी गुळगुळीत. वऱ्हाडी म्हणून निघाल्यासारखा. देल्फिना पायरीवर बसली होती. आत नोएलिया चुलीवर मोठ्या पातेल्यात साखरपाणी उकळत होती, दर सोमवारी सगळ्या बाटल्या नव्याने भरायच्या असतात म्हणून.

तो फाटक उघडून सरळ आत आला. "सासूबाई, सुप्रभात. कुठे आहे ती? तयार असेल."

"तुझ्या थडग्यावर फुलं न्यायला तयार आहे," देल्फिना म्हणाली.

"नोएलिया!" त्याने लाडाने हाक मारली. "चल गं. गाडी उभी आहे."

खिडकीतून उत्तर आलं. "नाही येत."

"काय म्हणालीस?"

"ऐकू कमी मला येतं, रुतिलिओ, तुला नाही. येत नाही म्हणाले."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. तो उंबऱ्याशी गेला, फरशी उचलली, आणि खाली नुसती माती पाहिली. मग देल्फिनाकडे वळला. "म्हातारे, कुठे टाकलंस ते?"

"ज्याचं होतं त्याला दिलं."

तो गाडीकडे गेला आणि मळ्यातला कोयता घेऊन आला. पहिल्या घावात त्याने बाटली फोडली. काचा आणि साखरपाणी देल्फिनाच्या तोंडावर उडालं. मग दुसरी, तिसरी. जास्वंदी बुडापासून छाटली. लाल सॅल्व्हियाचा ताटवा पायांनी तुडवला, बांबू कापला, काडी तुडवून तिचे तुकडे केले. तोंडाने बोलत काहीच नव्हता, नुसता दात-ओठ खात कामाला लागला होता, खळ्यावर कॉफी ओढावी तसा. तिकाठीला लाथ मारली, सकाळीच पुन्हा चढवलेला कॅमेरा फरशीवर पडला, त्यावर त्याने टाच रोवून गोल फिरवली. आणि वर हवेत, या सगळ्याशी काही घेणं नसल्यासारखे, दोन नर एकमेकांच्या छातीला चोची लावून गरगरत होते. बाटली राहिली नाही हे अजून त्यांच्या गावीही नव्हतं.

देल्फिना दारात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला धरून.

"बाजूला हो."

"नाही."

त्याने कोयता आडवा करून तिच्या कानशिलात मारला. तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण हात सुटले नाहीत. मग त्याने कोयत्याची पाठ तिच्या डाव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला आणि दुखलं नंतर. ती गुडघ्यांवर आली. तरी उजव्या हाताने तिने त्याच्या पायाला मिठी मारली आणि पोटरीला चावली, रक्ताची चव येईपर्यंत चावली. तो ओरडला, तिच्या बरगडीत लाथ घातली आणि मग दुसरी. वर पाहिलं तेव्हा कोयता त्याने उलटा केला होता. आता धार खाली होती.

"रुतिलिओ," नोएलिया म्हणाली.

ती आत उभी होती, दोन्ही हातांत झग्याच्या टोकाने धरलेलं पातेलं घेऊन. त्याने मान वर केली. तिला पाहून तो हसलाही असावा, कारण इतक्या दिवसांनी ती समोर आली होती. तिने आख्खं पातेलं त्याच्या तोंडावर ओतलं.

नुसतं उकळतं पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. साखरेचं पाणी जाग्यावर बसतं. गाल, मान, इस्त्रीचा शर्ट, सगळं एक झालं. रुतिलिओच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्याने हातांनी चेहरा पुसायचा प्रयत्न केला आणि हाताला कातडी आली. तो मागे पडला, चिखलात आणि काचांमध्ये लोळला. देल्फिनाच्या पाठीवरही थेंब उडाले होते, पण तिला ते नंतर, रात्री कळलं.

नोएलिया उंबरा ओलांडून बाहेर आली. चाळीस दिवसांत, आता एकोणपन्नास, तिने पहिल्यांदा परसात पाय ठेवला. रिकामं पातेलं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. त्याने हात आडवे केले तर हातांवर घातलं. कोयता पडला होता तिथून तिने तो लाथेने दूर सारला आणि पुन्हा घातलं. ती मोजून मारत होती, असं देल्फिनाला वाटलं. शांतपणे, जणू एक एक परत करत होती.

"नोएलिया! पोरी! बस!" चाबेला आणि तिचा नवरा हेलादिओ कुंपण मोडून धावत आले. हेलादिओने तिला मागून कंबरेत धरून उचललं तेव्हा तिचे पाय हवेत झाडत होते.

"मरेल तो!"

"मरू दे!" देल्फिना खालून ओरडली. "सोड तिला!"

"कोमाद्रे, वेडी झालीस का? तिला तुरुंगात पाठवायचीय?"

मग सगळं भराभर झालं. चाबेलाने ओली चादर आणली. हेलादिओने आणि दुसऱ्या एका शेजाऱ्याने रुतिलिओला दवाखान्यात न्यायला उचलून पिकअपच्या मागे घातलं. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. देल्फिनाला पायरीवर बसवलं, मनगटाला लाटणं बांधलं. फाटकाबाहेर वीसेक माणसं जमली होती आणि एकही आत येत नव्हतं. नोएलिया आईशेजारी बसली. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, त्यावर फोड येत होते, आणि ती ते दुसऱ्या कोणाचे असावेत तसे पाहत होती.

"शेपूट भरलेली होती," ती एकदम म्हणाली.

"कसली?"

"फोटोतल्या पक्ष्याची. फट नव्हती त्यात. मी काय आंधळी आहे आई? पिशवीतला कर्नलच होता."

देल्फिना तिच्याकडे वळली. "कळलं होतं तुला? मग राहिलीस का?"

"तुझे हात थरथरत होते. आयुष्यात तू एक खोटं बोललीस आणि तेही धड बोलता आलं नाही तुला." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "मला वाटलं, हिने माझ्यासाठी स्वतःचं सगळं टाकलं. आता ओढ असली तरी असो. माझ्या पायांनी नाही जायचं. ओढून नेलं तर नेलं."

"अजून आहे? ओढ?"

हेलादिओ पिकअप चालू करत होता. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. त्या शांततेत मागच्या चादरीतून आवाज आला. बारीक, चिरका, लहान मुलाचा असावा तसा.

"नोएलिया... पाणी... नोएलिया, माझ्याजवळ ये गं..."

नोएलिया उठली. देल्फिनाने पाहिलं, ती उठली ते ठरवून नाही. अंग आपोआप उठलं होतं, चेहरा अजून मागेच होता. एक पाऊल पडलं. फाटकापर्यंतची वाट तुडवलेल्या फुलांनी भरली होती आणि मोकळी होती, आणि चाबेला दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

"आई," नोएलिया पाठमोरीच म्हणाली, "मला धर."

देल्फिनाने धडक्या हाताने तिच्या झग्याचा घोळ मुठीत पकडला आणि खेचलं. पोरगी पायरीवर आदळली. देल्फिनाने तिच्या मांड्यांवर पाय टाकला, कंबरेला हात घातला, मोडलेला हातही घातला, आणि दुखण्याने किंचाळत तिला आवळून धरलं. नोएलियाचं अंग पुढे रेटत होतं. ती रडत होती, "नको जाऊ देऊस, नको जाऊ देऊस," असं म्हणत होती आणि दोन्ही टाचा मातीत रोवून फाटकाकडे सरकत होती. इंजिन दुसऱ्यांदा बंद पडलं. रुतिलिओने पुन्हा हाक मारली.

"नाही जाऊ देत," देल्फिना तिच्या चांगल्या कानात म्हणाली. "ओढ. जोर लाव. लाव किती लावायचा तो. मी आहे."

तिसऱ्या खेपेला गाडी चालू झाली. हाक उतारावरून खाली गेली, वळणापाशी ऐकू येत होती, मग नुसतं इंजिन ऐकू आलं, मग तेही नाही. नोएलियाचं अंग हळूहळू ढिलं पडलं. चाबेला जवळ येऊन म्हणाली, "सोड आता, कोमाद्रे. गेला तो. हात बघू दे."

देल्फिनाने सोडलं नाही.